प्रदेशाची जैववायुक्षमता : अनुमानपद्धतीची चिकित्सा

एखाद्या प्रदेशातील सेंद्रिय टाकाऊ द्रव्यापासून किती जैववायू निर्माण होऊ शकेल, हा प्रश्न अलीकडे पदव्युत्तर प्रबंधांचा आवडता विषय झाला आहे. भूगोल, अर्थशास्त्र, कृषिअभियांत्रिकी, पर्यावरणशास्त्र अशा निरनिराळ्या विभागांतून असे प्रबंध लिहिले जातात. परंतु त्यांची घडण बहुधा एकाच साच्यातली असते. जिल्ह्याची पशुगणना घ्यावयाची, दर जनावरामागे रोज दहा किलो शेण धरावयाचे, दर किलोमागे ०.०४ घनमीटर वायू धरावयाचा, पैकी सत्तर टक्के शेण हाती लागते असे मानावयाचे, आणि गुणाकाराअंती येणारा आकडा ‘जिल्ह्याची जैववायुक्षमता’ म्हणून नकाशावर गडद-फिकट रंगांत दाखवावयाचा, असा हा परिपाठ आहे. या पद्धतीची चिकित्सा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गुणाकार करणाऱ्याचे अंकगणित क्वचितच चुकते. परंतु जिल्ह्यात शेण किती पडते, या प्रश्नाचे उत्तर काढून ते जिल्ह्यात कोणाच्या चुलीला किती वायू मिळेल, या अगदी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे ठेवले जाते, आणि या अदलाबदलीची किंमत पुढे सार्वजनिक पैशाने मोजावी लागते.

प्रथम या पद्धतीचा जो खरा उपयोग आहे तो मान्य केला पाहिजे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात गोवर्गीय जनावरे सुमारे १ कोटी ४० लाख आणि म्हशी सुमारे ५६ लाख होत्या. वरील गुणांक लावले आणि शेणाचा कणही वाया जात नाही असे मानले, तर रोजचा वायू ७८ लाख घनमीटरांच्या आसपास येतो. माणशी रोजच्या स्वयंपाकास ०.३ घनमीटर वायू लागतो असे धरल्यास तो सुमारे २ कोटी ६० लाख माणसांना पुरेल. २०११ च्या जनगणनेत राज्याची ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १५ लाख होती. म्हणजे उभ्या महाराष्ट्रातील सर्व शेण टाकीत घातले, तरी निम्म्याहून अधिक ग्रामीण चुली त्यावर पेटणार नाहीत. हा निष्कर्ष मोलाचा आहे, आणि तो काढण्यास यापेक्षा सूक्ष्म पद्धतीची गरज नाही. कमाल मर्यादा सांगणे हे अशा गुणाकाराचे काम. तीच मर्यादा ‘क्षमता’ या नावाने उद्दिष्टाच्या रकान्यात जाऊन बसली, की घोटाळा सुरू होतो.

आता गुणांकांकडे वळू. दहा किलो हा आकडा एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत आलेला आहे. तो कोणी, कोठे, कोणत्या महिन्यात तोलला याची विचारणा सहसा होत नाही. कोकणातील लहान चणीची, दिवसभर डोंगरउतारावर चरणारी गाय आणि सांगली किंवा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील गोठ्यात बांधून पोसलेली संकरित गाय यांना एकाच मापाने मोजल्याने दोघींवरही अन्याय होतो. दुसरीचे शेण दहा किलोंहून पुष्कळ अधिक असते आणि ते सारे गोठ्यातच पडते. पहिलीचे थोडे असते, आणि त्यातही रात्रीचे तेवढे हाती लागते. दिवसाचे रानात विखुरते. त्याचप्रमाणे ०.०४ घनमीटर हा आकडा उबदार हवेतला आहे. टाकीतील जंतूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. नाशिक-पुण्याच्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा जमिनीच्या पोटातील टाकीलाही त्याची झळ लागते आणि वायू लक्षात येण्याइतका घटतो. प्रयोगशाळेतील मापे याहूनही फसवी असतात. तेथे पदार्थ बारीक वाटून, चालू टाकीतल्या रबडीचे भरपूर विरजण घालून, नेमक्या तापमानात महिनाभर वा अधिक काळ ठेवलेला असतो. त्यातून निघतो तो पदार्थाचा अखेरचा उतारा. शेतकऱ्याच्या टाकीत रोज नवा घाण येतो आणि तितकाच जुना बाहेर पडतो, म्हणून तेथे हा उतारा कधीच पुरा पदरात पडत नाही.

असे चार गुणांक एकमेकांना गुणले असता काय होते, याचा हिशेब प्रबंधांत क्वचितच आढळतो. प्रत्येक गुणांक वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो असे मानू. क्षेत्रीय मोजणी न करणाऱ्यास इतकी अचूकता देणे हे औदार्यच आहे. चारही गुणांक खालच्या टोकाला असल्यास उत्तर मूळ आकड्याच्या ०.४१ पट येते आणि वरच्या टोकाला असल्यास २.०७ पट. दोन टोकांत पाचपट अंतर पडते. चारही चुका एकाच दिशेने होणे विरळा, हे खरे. परंतु एकाच पुस्तिकेतून उचललेल्या गुणांकांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असतात, असे तरी कोणत्या आधारावर म्हणावे? आणि तरीही निष्कर्षाच्या कोष्टकात दशांशचिन्हापुढे दोन स्थळे छापली जातात.

याहून गंभीर दोष सरासरीचा आहे. तो उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन गावे कल्पू. दोहोंत शंभर घरे आणि दोनशे जनावरे आहेत. प्रचलित पद्धतीने दोहोंची क्षमता एकच ठरते : दोन हजार किलो शेण, ऐंशी घनमीटर वायू. पहिल्या गावात दर घरी दोन जनावरे आहेत. घरटी शेण वीस किलो. आणि एक घनमीटरच्या लहानात लहान संयंत्रासही रोज पंचवीस किलो लागते. म्हणजे या गावात घरगुती संयंत्र एकही चालणार नाही. दुसऱ्या गावात वीस घरी आठ-आठ जनावरे आहेत आणि उरलेल्या ऐंशी घरांत मिळून चाळीस. त्या वीस घरी ऐंशी-ऐंशी किलो शेण निघते, तीन घनमीटरची वीस संयंत्रे सुखाने चालतात आणि साठ घनमीटर वायू मिळतो. पशुसंख्या तीच, नकाशावरील रंग तोच. एका गावी शून्य आणि दुसऱ्या गावी साठ. तेव्हा क्षमता ठरते ती जनावरांच्या बेरजेने नव्हे, ती घरोघर कशी वाटली गेली आहेत त्यावरून. दुसऱ्या गावात वायू निघतो तो विषमतेमुळे निघतो, ही गोष्टही अभ्यासकाने नजरेआड करू नये. क्षमतेचा नकाशा ज्या तालुक्यास गडद रंग देतो, तेथे पाच घनमीटरचा धनी आणि गायरानात पडलेले शेण वेचून गोवऱ्या थापणारी भूमिहीन बाई, असे दोघे राहतात. शेणाला टाकीत मोल आले की पहिला गुराख्यास शेण घरी आणावयास सांगतो आणि दुसरीची पाटी रिकामी राहते. गुणाकारात या बाईचे शेण ‘अनुपयोजित’ या सदरात मोडते!

शासकीय आकड्यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला. कौटुंबिक संयंत्रांची देशाची क्षमता सुमारे १ कोटी २३ लाख आणि महाराष्ट्राची ८ लाख ९७ हजार, हे आकडे त्यानंतरच्या कित्येक वर्षांच्या अहवालांत जसेच्या तसे आढळतात. आता १ कोटी ९६ लाख जनावरांना दोन घनमीटरच्या संयंत्रास लागणाऱ्या पाच जनावरांनी भागले, तर ३९ लाख संयंत्रे येतात. शासनाचा आकडा याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी आहे. म्हणजे तो पशुसंख्येस भागून आलेला नाही हे उघड आहे, आणि तितक्यापुरता तो प्रबंधांतील आकड्यांपेक्षा शहाणा म्हणावा लागतो. परंतु त्याचा दुसरा दोष असा, की तो हलत नाही. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवर्गीय जनावरे सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली. क्षमता जागच्या जागी राहिली. उलट उभारलेल्या संयंत्रांची एकूण संख्या मात्र वाढत वाढत या क्षमतेच्या आकड्याला, म्हणजे जवळपास नऊ लाखांना, जाऊन भिडली. कागदावर पाहता महाराष्ट्राने आपली क्षमता संपवली आहे. ग्रामीण भागात हिंडणाऱ्या कोणालाही हे विधान पटणार नाही. याचे कारण असे, की एकूण संख्येत बांधलेले प्रत्येक संयंत्र मिळवले जाते. घुमट तडकलेले, डोम गंजलेले, जनावरे विकल्यामुळे कोरडे पडलेले संयंत्र वजा होत नाही. येथे जन्माची नोंद ठेवली जाते, मृत्यूची नाही. क्षमतेचे अनुमान करणाऱ्याने उभारलेल्या संयंत्रांचा आकडा पडताळ्यासाठी वापरताना हे ध्यानी ठेवले पाहिजे.

जनावर एका जागी असते, हे गृहीतकही तपासण्याजोगे आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांसह पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वर्षाचे पाच-सहा महिने त्या बैलांचे शेण कारखान्याच्या तळावर पडते, आणि पशुगणनेच्या तक्त्यात बैल एकाच गावचा असतो. दुष्काळात याच्या उलट घडते. २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षी मराठवाडा व माणदेशातील जनावरे चारा छावण्यांत गेली. गावातील टाक्या रिकाम्या आणि छावणीत शेणाचे ढीग, असे दृश्य दिसले. एखाद्याने छावणीपाशीच मोठे संयंत्र उभारण्याची सूचना केली असती, तर पहिल्या पावसासरशी छावणी उठल्यावर ते बेवारस झाले असते.

दुष्काळाचा उल्लेख आला त्या अर्थी पाण्याविषयीही बोलणे प्राप्त आहे. प्रचलित संयंत्रांत शेणाइतकेच पाणी मिसळावे लागते. दोन घनमीटरच्या टाकीस पन्नास किलो शेणाबरोबर पन्नास लिटर पाणी, तेही रोज. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच्या भोवतालच्या खेड्यांत हे पन्नास लिटर कोण आणि किती लांबून आणणार, याचा रकाना क्षमतेच्या कोष्टकात प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला नाही. हंडा बहुधा जिच्या डोक्यावर असतो, तिच्याच चुलीतला धूर जावा म्हणून ही सारी योजना आहे. लाकूडफाटा आणण्याचा एक तास वाचवून पाणी आणण्याचा एक तास वाढत असेल, तर तिच्या दृष्टीने क्षमता शून्य आहे, मग शेण कितीही असो.

गावाने मोजून-मापून केलेला एक प्रयोग या चर्चेत वारंवार आठवावा असा आहे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्यकुमार रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याच्या कुनिगल तालुक्यात पुरा या लहानशा गावी सामुदायिक जैववायू संयंत्र उभारले. हेतू घरोघर स्वयंपाकास वायू पुरवण्याचा होता. रेड्डी हे कच्च्या हिशेबाचे गृहस्थ नव्हते. प्रसाद आणि कृष्णप्रसाद यांच्यासह त्यांनी १९७४ मध्येच जैववायूच्या अर्थकारणाची मांडणी केलेली होती. तरीही प्रत्यक्षात मिळालेला वायू साऱ्या गावाच्या पूर्ण स्वयंपाकास पुरला नाही. आणि अर्धा स्वयंपाक वायूवर होऊन अर्ध्यासाठी सरपणास जावेच लागत असेल, तर बायकांना त्यात सुटका वाटेना. योजना थांबली. पुढे गावकऱ्यांना काय हवे याची विचारपूस झाली, तेव्हा पिण्याच्या पाण्याची मागणी पुढे आली. आणि १९८७ पासून त्याच शेणाच्या वायूवर इंजिन चालवून वीज, विजेवर विंधणविहिरीचा पंप व पुढे घरांतील दिवे, अशी व्यवस्था बसली. येथे शेण बदलले नाही, जनावरे बदलली नाहीत, गुणांकही बदलले नाहीत. स्वयंपाकासाठी जी क्षमता अपुरी ठरली होती, ती पाण्यासाठी पुरेशी ठरली. अर्थात क्षमता हा शेणाच्या अंगी असलेला गुणधर्म नसून कोणत्या गरजेसाठी, या प्रश्नाला जोडूनच ती सांगता येते. पुऱ्याच्या अनुभवाचा निर्देश प्रबंधांच्या पूर्वाभ्यासाच्या प्रकरणात असतो; पद्धतीच्या प्रकरणात त्याचा मागमूसही नसतो.

शेणापलीकडील द्रव्यांविषयी थोडक्यात लिहितो. पिकांचे अवशेष मिळवल्याने क्षमतेचा आकडा एकदम फुगतो, म्हणून ते मिळवण्याचा मोह मोठा. परंतु ज्वारीचा कडबा हा अवशेष म्हणून एकदा मोजावयाचा आणि तोच जनावराच्या पोटातून शेण होऊन बाहेर आला की पुन्हा मोजावयाचा, हा दुहेरी हिशेब आहे. कापसाच्या पऱ्हाट्यांत काष्ठांश इतका असतो की सामान्य टाकीत त्या कुजत नाहीत. त्यांची जागा चुलीत आहे, आणि आज त्या तेथेच जातातही.

साखर कारखान्यांचा प्रेसमड हे मात्र खरोखरच जमेचे द्रव्य आहे : ते एका जागी साठते, त्याचा धनी एकच असतो आणि वजनाची नोंद असते. उसाच्या सुमारे चार टक्के प्रेसमड निघतो आणि साधारण पंचवीस टनांमागे एक टन शुद्ध केलेला संपीडित वायू मिळतो असे मानतात. राज्यात २०२१-२२ च्या हंगामात सुमारे १३ कोटी २० लाख टन ऊस गाळला गेला, पुढल्याच हंगामात सुमारे साडेदहा कोटी टन. म्हणजे वायूची क्षमता एका वर्षात दोन लाख अकरा हजार टनांच्या जवळून पावणेदोन लाखांच्या आत उतरली. कोणत्या वर्षाची क्षमता नकाशावर दाखवावयाची? शिवाय हंगाम चार-पाच महिन्यांचा, संयंत्र बाराही महिने चालले पाहिजे, आणि उघड्यावर साठवलेला प्रेसमड आपोआप कुजून त्यातला वायू हवेत जातो. आज हाच प्रेसमड स्पेंटवॉश शिंपून खत करण्याकडे जातो किंवा सभासद तो शेतावर नेतात. त्याला भाव आहे. ज्याला भाव आहे ते द्रव्य टाकाऊ नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने संपीडित जैववायूची योजना जाहीर केली, तेव्हा देशाची क्षमता वर्षाला ६ कोटी २० लाख टन सांगितली गेली आणि २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्पांचे व दीड कोटी टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०२३ सरले तेव्हा चालू झालेले प्रकल्प शंभराच्या आत होते. अपयशाची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी अनुमानाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण कच्चा माल वर्षभर कोणत्या दराने मिळेल, हा प्रश्न क्षमतेच्या आकड्याने आधीच सुटल्यासारखा भासवला होता, हे एक कारण निश्चित आहे.

शहरी कचऱ्यासंबंधी आपल्याकडे काम बरेच झाले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ संयंत्र आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित केलेले, खरकट्यावर व पिष्टमय पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र, हे दोन्ही प्रयोग शेणाच्या पलीकडे पाहावयास शिकवणारे आहेत. किलोभर सुके अन्न शेणापेक्षा कितीतरी अधिक वायू देते, कारण शेण हे एकदा पचून गेलेले द्रव्य आहे. येथे अडचण वेगळी आहे. महापालिकेच्या अहवालातील ‘ओला कचरा’ आणि टाकीत घालण्याजोगा ओला कचरा यांत प्लॅस्टिक, काच, नारळाच्या करवंट्या आणि माती यांचे अंतर आहे. पुण्यात प्रभागनिहाय उभारलेल्या पाच टनी प्रकल्पांपैकी अनेक पूर्ण क्षमतेने चालले नाहीत, त्यामागे वर्गीकरणाचा हा प्रश्न होताच. शहराची क्षमता अशा प्रकारे रसायनशास्त्रापेक्षा घराघरांतील दोन डब्यांवर अधिक अवलंबून असते.

मग अनुमान करूच नये की काय? करावे, परंतु ते खालून वर करावे. या कामी महाराष्ट्रात परंपरा आहे. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर (१९१७) आणि कानिटकरांसह जातेगाव बुद्रुक (१९२१) या गावांची पाहणी घरोघर, शेतोशेत केली, ती जिल्ह्याच्या सरासऱ्यांवर विश्वास नसल्यामुळेच. जैववायूच्या अभ्यासकाने तालुक्यातून बागायती, जिरायती आणि डोंगराळ अशी तीन-चार गावे निवडावी. जनावरांची संख्या कुटुंबवार घ्यावी आणि पाचांहून अधिक, तीन ते पाच, तिनांहून कमी असे गट पाडावेत. शेण आज कशासाठी जाते, खतास, गोवऱ्यांस, सारवणास की विक्रीस, आणि त्याचा भाव काय, हे विचारावे. पाणी किती अंतरावर आहे आणि ते कोण आणते, हे लिहावे. घरात सिलिंडर आहे काय आणि वर्षाला तो कितीदा भरला जातो, हेही लिहावे; कारण २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आल्यापासून जैववायूची स्पर्धा केवळ लाकडाशी राहिलेली नाही. जुनी संयंत्रे पाहावीत आणि बंद पडलेल्यांच्या मालकांशी अधिक वेळ बोलावे. अखेरीस उत्तर एका आकड्यात न देता दोन टोकांत द्यावे आणि ते उत्तर कोणत्या गरजेसाठी आहे हे कोष्टकाच्या शीर्षकातच नमूद करावे.

हे काम एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. तोलकाटा, पाटी आणि वही एवढे साहित्य पुरते. लागतात ते बारा महिने, कारण खरिपाच्या हिरव्या चाऱ्यावरचे शेण आणि वैशाखातल्या वाळल्या कडब्यावरचे शेण यांची तुलना एका भेटीत होत नाही. पावसाळ्यात ओल्या शेणाचे वजन अधिक भरते, म्हणून महिन्यातून एकदा नमुना आणून त्याचा सुका अंश काढावा. त्यासाठी १०५ अंशांवर चालणारी भट्टी हवी, ती बहुतेक विज्ञान विभागांत असते आणि रात्री रिकामीच असते.